डॉक्टर, आम्हाला ‘वद्दु’ म्हणता येईल का?

सोलापुरातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात बीपी दाखवायला नेहमीच्या दवाखान्यात गेले होते. दंडावरचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर म्हणाले, “मॅडम, एक अभ्यास सुरू होतोय. शहरातल्या काही दवाखान्यांतले बीपीचे पेशंट घेणार आहेत. तुमचं नाव टाकू?” त्यांचं वाक्य संपायच्या आत मी “टाका की” म्हणाले. बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती, दारात एक बाई कडेवरच्या तापलेल्या पोराला घेऊन उभी होती, मग मी कशाला वेळ खाऊ? रिक्षा कन्ना चौकातून वळली तेव्हा लक्षात आलं की कसला अभ्यास, किती दिवसांचा, गोळी बदलणार की नुसतं बीपी मोजून लिहून घेणार, यातलं एक अक्षर मी विचारलेलं नाही. ३१ वर्षं मी पूर्व भागातल्या, आमच्या तेलुगू वस्तीतल्या शाळेत गणित शिकवलं. ‘का’ न विचारता फळ्यावरचं सूत्र वहीत उतरवणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलंय.

असाच ‘हो’ मी पूर्वी एकदा ऐकला होता, आमच्या अम्माचा.

अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, सकाळी बसली की रात्रीपर्यंत हजार विड्या. पन्नाशीत तिला शुगर निघाली. गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना होता. एका सोमवारी डॉक्टर तिला म्हणाले, “नवी गोळी आलीय, तीन महिने फुकट मिळेल, इथे अंगठा करा.” मी शेजारी उभी होते. चार-पाच पानं होती, वरची इंग्रजीत, खालची मराठीत. अम्माला दोन्ही वाचता येत नव्हती. ती म्हणाली, “सरे.” तेलुगूत ‘सरे’ म्हणजे बरं, चालेल. शाईचं पॅड पुढे आलं. तीन महिने खाकी पाकिटातून गोळ्या आल्या, दर पंधरा दिवसांनी रक्त घेतलं गेलं, आणि एक दिवस पाकिटं बंद झाली. पुन्हा जुनी गोळी. तो खरंच अभ्यास होता, की कंपनीने वाटायला दिलेला माल होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या गोळीने अम्माचं भलं झालं की नुकसान, तेही नाही.

ते डॉक्टर वाईट नव्हते, हे इथे लिहिलंच पाहिजे. नानांना दमा उसळला की रात्री बारा वाजता सायकलवर यायचे. फी वहीत मांडून ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत विषय काढायचे नाहीत. म्हणूनच तर अडचण. घरी आल्यावर मी अम्माला चिडून विचारलं, “कागद काय होता ते तरी विचारायचं.” ती पानं कापता कापता म्हणाली, “डॉक्टरला वद्दु कसं म्हणायचं गं?”

वद्दु म्हणजे नको. आपल्या गावात नाही म्हणायला चार शब्द आहेत: मराठीत नको, तेलुगूत वद्दु, कन्नडमध्ये बेड, आणि दखनीत तर ‘नक्को’, तोही ठसक्यात. मीना बाजारात आम्ही हे चारही शब्द एका दमात वापरतो. दवाखान्याचा पडदा सरकवून आत आलं की चारही विसरतो.

तुम्ही म्हणाल, मग हिला संशोधन नकोच आहे. तसं नाही. मला ते हवंय, आणि तुमच्याच दवाखान्यात हवंय. मोठ्या हॉस्पिटलात जे पोचतात ते आधीच फार आजारी असतात. साधं बीपी, साधी शुगर, तीन आठवडे न जाणारा खोकला, गुडघे, पित्त, झोप न लागणं, हे सगळं तुमच्या बाकावर बसलेलं असतं. सिव्हिलच्या वॉर्डात ते दिसत नाही, मग त्यावरची उत्तरं तिथून कशी निघणार?

इंग्लंडात हे फार पूर्वी ओळखलं गेलं. यॉर्कशायरच्या एका खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचा खेड्यातला डॉक्टर होता. काविळीची साथ कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेली आणि किती दिवसांनी उमटली, याच्या नोंदी त्याने आपल्याच पेशंटांवरून ठेवल्या आणि १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी तर गावातल्या सगळ्यांचं बीपी मोजायला घेतलं, तक्रार असो वा नसो. याच हार्टनी १९७१ मध्ये मांडलं की जिथे दुखणं जास्त तिथे चांगला उपचार कमी पोचतो. हे कळायला आम्हा पूर्व भागातल्या लोकांना लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक वाचावं लागत नाही, पण कोणीतरी ते छापलं याचं बरं वाटतं.

आणि कोविड. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ‘प्रिन्सिपल’ नावाची चाचणी सुरू झाली. घरीच असलेले, पन्नाशी-साठी ओलांडलेले कोविडचे पेशंट फॅमिली डॉक्टरमार्फत, फोनवरून, ऑनलाइन त्यात येत होते. कोणाला नेहमीचा उपचार, कोणाला त्याच्या जोडीला ॲझिथ्रोमायसिन, कोणाला डॉक्सिसायक्लिन, ही दोन्ही अँटिबायोटिक. २०२१ उजाडलं तेव्हा उत्तर हातात होतं: या दोन्ही गोळ्यांनी घरी असलेला माणूस लवकर बरा होत नाही. त्याच महिन्यांत इकडे आम्ही काय करत होतो? ताप आला की ॲझिथ्रोमायसिनची पट्टी. मीही पाच दिवस घेतली, वर शेजारणीला नाव लिहून दिलं. आपल्या गावात तेव्हा पेशंटही होते, दवाखानेही होते आणि गोळ्याही होत्या. प्रश्न लिहून ठेवून उत्तर शोधणारी व्यवस्था तेवढी नव्हती.

(तिकडचं सगळं इकडे जमेल असं मी म्हणत नाही. तिथे माणसाचं नाव एका दवाखान्यात नोंदलेलं असतं आणि कागद त्याच्या मागे फिरतात. आमचं ताप आला की एक डॉक्टर, हाडासाठी दुसरा, आणि दोन्हींकडे उतार नाही पडला तर जावई सांगेल तो तिसरा. आमचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवी घरी विसरलेली असते.)

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. बार्शी आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी परदेशी संस्थेबरोबर मिळून एक प्रचंड काम केलं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडावा म्हणून तीन वेगवेगळ्या तपासण्या. कुठल्या गावाला कुठली तपासणी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. हे ५२ गट चार भागांत वाटले होते, आणि चौथ्या भागातल्या गावांना मात्र तपासणी नाही. या आजाराची माहिती आणि एरवी मिळतात तेवढ्याच सोयी. आठ वर्षांनी हिशोब झाला. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू. त्याची तपासणी एकदाच झालेल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरात या तपासणीच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हातात हे आकडे आले. आपल्या शेजारच्या, बोरीबाभळीच्या गावांतल्या बायकांनी दिलेले आकडे.

या ३४ आणि ६४ शी मी बरेच दिवस भांडतेय. गणिताची बाई म्हणून मला माहीत आहे की ६४ नसते तर ३४ ला काही अर्थ उरला नसता. तुलना नाही तर निष्कर्ष नाही. बाई म्हणून मला विचारावंसं वाटतं की त्या चौसष्टातल्या कोणाला नीट ठाऊक होतं का, की तपासणी नावाची गोष्ट आहे आणि ती तिला मिळत नाहीये? तपासणी न झालेल्या या बायकांवरून नंतर जाणकारांतही वाद झाला. एका बाजूने म्हटलं, त्या काळी त्या गावांत तपासणी नव्हतीच, मग हिरावलं काय? दुसरी बाजू म्हणाली, माहीत असूनही दिली नाही. मला दोन्ही पटतं, आणि दोन्ही पटल्यावर जो अस्वस्थपणा उरतो तो मला घालवता येत नाही. तुम्हालाही तो घालवता येऊ नये. ज्याला असल्या गोष्टीने झोप लागते त्याच्या दवाखान्यात मी नाव टाकणार नाही.

आमच्या तेलुगू मुलखातलं एक उदाहरण याहून वाईट आहे. २००९-१० मध्ये खम्ममकडे, तेव्हाच्या आंध्रात, शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली होत्या. काही मुली वारल्याच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमतीच्या कितीतरी कागदांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या सापडल्या. लस चांगलीच आहे, माझ्या नातीला मी स्वतः दिलीय. तरी त्या सह्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तेलुगूत समजावून सांगणारी माणसं तिथे गावोगाव होती. कमी काय पडलं, तर विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

कायदा आता बराच शहाणा झालाय. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाची चाचणी असेल तर पेशंटच्या हिताकडे पाहणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर नसलेला एक सामान्य माणूसही बसतो. माहिती पेशंटच्या भाषेत द्यावी लागते. वाचता न येणारा असेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. अपाय झाला तर उपचार फुकट आणि भरपाई. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबत नाही. अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी यादीत व्हावीच लागते आणि ती यादी मोबाइलवर कोणालाही उघडते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी लिहितेय ते नियमाच्या आणि बाकाच्या मधल्या जागेबद्दल, जिथे अम्मा उभी होती.

तेव्हा काही गोष्टी मागते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: विचारा तुम्ही, पण ‘हो’ तुम्ही घेऊ नका. तुमच्या वहीत आमची उधारी आहे. कामावर रजेचा दाखला तुम्ही देता. रात्री-अपरात्री फोन तुम्ही उचलता. अशा माणसाने टेबलापलीकडून पेन पुढे केलं तर आमचा हात आपोआप पुढे येतो. त्याला संमती म्हणणं म्हणजे उधारीच्या व्याजाला भेट म्हणण्यासारखं आहे. अभ्यास आहे एवढं तुम्ही सांगा, आणि समजावून सांगायला दुसरं कोणी बसू दे. ते माणूस तुमच्या पगारावरचं नसावं, तेलुगू-कन्नड-उर्दू बोलणारं असावं. आम्ही नाही म्हटलं तर कोण नाही म्हणालं हे तुम्हाला कळूच नये, असं काही करता आलं तर उत्तम. आणि कागद घरी नेऊ द्या. त्याच दिवशी सही अजिबात नको. आमच्याकडे कुकर घ्यायचा तरी चार घरी विचारतात.

दुसरी, भाषेची. परवा मी तो माहितीचा कागद मागून आणला. त्यात वाक्य आहे: “सदर अभ्यासात सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल.” मी संभाव्यता शिकवलीय, मला तो शब्द माहीत आहे, आणि तरी तो जिभेवर नीट येत नाही. विडी कामगारांच्या घरकुलातल्या बाईला हे कसं सांगाल? मी सांगते. “अक्का, भिशीत कशी चिठ्ठी निघते? कोणाचा नंबर लागेल ते भिशी चालवणारीच्या हातात नसतं. तसंच तुम्हाला नवी गोळी मिळेल की जुनी, हे डॉक्टरच्याही हातात नाही. चिठ्ठी ठरवणार.” अर्ध्या मिनिटात कळतं. वर ती विचारते, “चिठ्ठी कोण उचलणार? खोटेपणा तर नाही ना?” हा प्रश्न तुमच्या समितीतल्या तज्ज्ञांनी विचारावा असा आहे, आणि तो तंबाखूच्या वासाच्या हातांकडून येतो. खोट्या गोळीचंही तसंच. ‘प्लासिबो’ म्हणू नका, “दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी” म्हणा, आणि ती मिळाली तर बीपीचं काय होणार तेही लगेच सांगा.

तिसरी, पैशाची. कंपनीचा अभ्यास असेल तर पेशंटमागे दवाखान्याला पैसे मिळतात. मिळू देत. तुमचा वेळ जातो, नोंदी ठेवणारं माणूस लागतं. पण किती मिळतात ते आम्हाला सांगा. आमच्या वेळेचाही हिशोब करा. अम्माच्या हिशोबाने दोन तास बाकावर बसणं म्हणजे दोनशे विड्या गेल्या. यंत्रमागावरच्या माणसाच्या पाळीतले दोन तास. रिक्षाभाडं आणि बुडालेली मजुरी द्या, त्याहून फार जास्त देऊ नका. जास्त दिलंत की नको म्हणणं आणखी अवघड होतं.

गुप्ततेबद्दल एवढंच की आमच्या गल्लीत भिंती पातळ आहेत. कंपाउंडरने बाहेर येऊन “टीबीच्या अभ्यासवाल्या कोण?” असं ओरडायचं नाही.

आणि प्रश्न आमचेही घ्या. संशोधन म्हणजे कंपनीची नवी गोळी असंच का? झारखंडात टीबीच्या पेशंटांच्या घरच्या लोकांना दरमहा तांदूळ आणि डाळ देऊन पाहिलं. दहा हजारांवर माणसं होती त्यात. २०२३ मध्ये निकाल आला: पोटभर मिळालेल्या घरांत नवा टीबी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी. तांदूळ-डाळीची चाचणी कुठली कंपनी करणार होती? आपल्याकडेही असे प्रश्न आहेत. मे महिन्यात इथला पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि आम्ही लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी घेत असतो. पत्र्याखाली माग चालवणाऱ्याला दुपारी चक्कर येते ती उन्हाची, की गोळीची, की दोन्हींची? उन्हाळ्यात डोस बदलावा का? तुमच्यातले काही जण अंदाजाने बदलतात, मला माहीत आहे, माझाही एकदा बदलला होता. वीस दवाखान्यांनी मिळून तो अंदाज दोन उन्हाळे नीट लिहून ठेवला तर? विडी वळणारीचा खोकला, सुताच्या धुळीतल्या माणसाची छाती, असे प्रश्न तर बाकावर रांग लावून बसलेत.

शेवटचं मागणं अम्मासाठी. अभ्यास संपला की काय निघालं ते सांगा. दवाखान्याच्या दारावर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, एक कागद चिकटवा: तुमच्यातल्या इतक्या जणांनी भाग घेतला, हे कळलं, हे नाही कळलं, गोळी उपयोगी पडली किंवा पडली नाही. चार ओळी, मराठीत आणि तेलुगूत. वाचता न येणाऱ्याला कंपाउंडर वाचून दाखवेल. अम्मा पुढे सात वर्षं जगली. मधूनच कधीतरी विचारायची, “त्या गोळीचं काय झालं गं?” मी म्हणायची, “विचारते.” पण मलाही डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

या गुरुवारी मी माझ्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, “माझा तो ‘हो’ धरू नका. सध्या वद्दु.” ते हसले, म्हणाले, “कागद नेलाय ना? वाचून या.” वाचतेय. सातव्या पानावर लिहिलंय की माझ्या रक्ताचे नमुने ‘भविष्यातील संशोधनासाठी’ ठेवले जातील. कुठे, किती वर्षं आणि कोणाच्या ताब्यात, ते लिहिलेलं नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारलीय. सोमवारी संध्याकाळी गर्दी कमी असते, तेव्हा येते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका आणि बीपीची पेशंट
पूर्व भाग, सोलापूर